कवळीवाल्यांचा बाळकृष्ण

गल्लीत त्यांना सगळे कवळीवाले म्हणत. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे आणि त्यावरून हे घरीच कवळ्या बनवायचे. स्वतःचे दात शाबूत, जीभ त्याहून धारदार. बायको सकाळी पितळेच्या बाळकृष्णाला आंघोळ घालून त्याच्या गोष्टी त्यालाच सांगत बसली, की हे फळीच्या भिंतीपलीकडून ओरडायचे, "अगं, त्याच्याच खोड्या त्याला काय सांगतेस? त्याच्या लक्षात असतील की!"

"तुम्ही आपले दात घासा," ती म्हणायची.

ती गेली. आले-गेले पांगले, लेक तेवढी थोडे दिवस राहिली. निघताना तिने बाळकृष्ण रुमालात गुंडाळला.

"बाबा, ह्याला मी नेते. तुमचा कुठे विश्वास आहे? उगाच उपाशी राहायचा इथे."

"राहू दे त्याला."

"तुम्ही करणार त्याचं?"

"देवासाठी नाही गं," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "सकाळी कुणाला तरी 'ऊठ' म्हणायला लागतं."

लेकीने रुमाल सोडला.

पहिल्या सकाळी त्यांनी मूर्ती सरळ नळाखाली धरली. थंडीचे दिवस. त्या रांगत्या पोराच्या पाठीवरून गार पाणी ओघळलं आणि काटा आला तो यांच्या अंगावर. "चुकलं रे बाबा," म्हणत त्यांनी पाणी कोमट केलं आणि पुन्हा आंघोळ घातली.

आंघोळ जमली, गोष्टींची मात्र पंचाईत झाली. उभा जन्म कानावर पडल्या होत्या, पण नेमकं कवळ्या घासायचं यंत्र घरघरायचं आणि शेवट त्यात बुडायचा. खोड्या करणाऱ्या कान्ह्याला यशोदा उखळाला बांधायला निघते, दोरी दोन बोटं कमी पडते. दुसरी जोडते, तरी दोन बोटं कमीच. पुढे नुसती घरघर.

"मग काय झालं रे?" त्यांनी मूर्तीला विचारलं. ती आपली हसतच होती.

शेवटी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीला विचारलं.

"अहो काका, एवढं माहीत नाही?" शर्टाची कॉलर दाबत ती म्हणाली. "घरातल्या दोऱ्या संपल्या, यशोदा घामाघूम झाली, केस सुटले. आई दमली हे बघून त्यालाच कळवळा आला, आणि घेतलं त्यानं बांधून. दोरीचं काही नव्हतं हो, तोच राजी नव्हता."

"तुला बरी पाठ?"

"काकूच सांगायच्या की, कपडे द्यायला आल्या म्हणजे. म्हणायच्या, घरात माझं ऐकणारा एकच, तोही पितळेचा." ती हसली. काका हसले नाहीत. तिने हाक मारली तरी कपडे तिथेच टाकून ते घराकडे वळले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी यंत्राला हात लावला नाही. बाळकृष्णाला पुसलं, पाटावर बसवलं आणि यशोदेची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. बायको जिथे थांबायची तिथे थांबले. सांगणाऱ्याला हुंकार लागतो, आणि घरात दुसरं माणूस नव्हतं. थोडा वेळ वाट पाहून त्यांनी स्वतःच "हूं" म्हटलं आणि गोष्ट पुढे नेली.