याकूबचाचा आणि सत्तावन्न पासपोर्ट

दर गुरुवारी दुपारी याकूबचाचा कोपरापर्यंत हात धुऊन यायचे, स्टीलचं कपाट उघडायचे आणि आतले पासपोर्ट एकेक करून मऊ फडक्याने पुसायचे. सत्तावन्न पासपोर्ट. मोजून परत आत, कुलूप, आणि किल्ली खिशात. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या त्या काँट्रॅक्टिंग कंपनीत मी अ‍ॅडमिनला नवीनच लागले होते. तोंड गप्प बसेल तर शपथ!

"काय हो चाचा, देव पुसल्यासारखे काय पुसताय?"

"तोबा तोबा! देव एकच, बाय, नि त्याला धूळ लागत नाय. ही माणसांची अमानत हाय."

चाचा दापोलीकडचे. व्हिसा, लेबर कार्ड, सगळी सरकारी कामं तेच बघायचे. माणसांचे पासपोर्ट कंपनीने ठेवून घेणं कायद्यात बसत नव्हतं, पण सर्रास चालायचं. त्यावरून चाचा मालकाशी दोनदा भांडले होते. "त्यानं ठेवून घेतले ते त्याचं पाप. माझ्या हातात दिले, आता सांभाळणं माझ्यावर."

मला इस्लाम म्हणजे शाळेच्या इतिहासात वाचला तेवढाच माहीत, लढाया आणि सनावळ्या. एकदा चहा पिताना मी तसं म्हणालेही. चाचा रागावले नाहीत. "आमच्या किनाऱ्यावर तलवार नाय आली, तारवं आली. अरबांचं माप खरं होतं. माप खरं म्हणून लोकांनी विचारलं, बाबा, तुझा देव कुठला?" मग त्यांनी मक्केची गोष्ट सांगितली. पैगंबरसाहेब एकच देव मानायला सांगू लागले, गुलाम आणि धनी एका रांगेत उभे करू लागले, तेव्हा मक्केतले बडे लोक त्यांच्या जिवावर उठले. पण त्याच लोकांच्या मौल्यवान ठेवी त्यांच्याकडेच, कारण गावात तेवढा भरवशाचा माणूस दुसरा नव्हता. मदिनेला निघायची वेळ आली तेव्हा त्यांनी चुलतभावाला, हजरत अलींना, मागे ठेवलं, ज्याची त्याची ठेव पोचती करायला.

"मारायला आलेल्यांच्या ठेवी? कमाल आहे! आणि अलींना भीती नाही वाटली?"

"ते मला म्हायत नाय, बाय. ठेवी पोचल्या, तेवढं म्हायत हाय."

पुढे मंदी आली. आधी क्रेन थांबल्या. मग अल नहदाच्या आमच्या टॉवरमधली बिऱ्हाडं गुपचूप रिकामी होऊ लागली. समोरचे तर टीव्ही लॉबीत ठेवून गेले. ऑफिसात कुणी मोठ्याने बोलेना. मालक "दोन आठवड्यांत येतो, इन्शाल्ला" म्हणून गेला आणि त्याचा फोन लागेनासा झाला.

तेव्हा कळलं की कंपनीच्या चेकांवर सही चाचांची होती. भरवशाचा माणूस म्हणून मालकाने तो अधिकार त्यांना दिला होता! चेक वटला नाही तर सही करणारा आत, असा तिथला तेव्हाचा कायदा. चेक परत येऊ लागले होते. पोलिसांत अजून तक्रार गेली नव्हती, पण कुठल्याही दिवशी गेली असती. ऑफिसला सील लागलं असतं तर पासपोर्टही आतच अडकले असते.

"चाचा, तुमचा घ्या आणि निघा," मी ओरडलेच. "खलास झालंय सगळं!"

त्यांनी कपाट उघडलं आणि पहिला माझा पासपोर्ट माझ्या हातात दिला. गुरुवार दुपारच्या मुंबईच्या विमानाचं तिकीट त्यांनी स्वतःसाठी काढलं होतं. तोवर तीन दिवस ते कामगारांचे कॅम्प कॅम्प फिरले. प्रत्येकाला उभं करायचे, फोटो आणि तोंड ताडून बघायचे, मगच द्यायचे. मला तर वाटायचं, यांना आज रस्त्यातच गाठणार कुणीतरी.

गुरुवारी सकाळी त्यांचा फोन आला. "बाय, अकरा उरलेत. खलिफा सिटीत एका व्हिलाच्या कामावर गेलीत ती पोरं. तुझ्याकडं गाडी हाय. तू पोचवशील? म्हणजे मला विमान गाठता येईल."

जाऊन-येऊन तीन-चार तासांचं काम होतं. पण ते पासपोर्ट माझ्या गाडीत सापडले तर? या भानगडीत पडायचं नाही, असं नवऱ्याने बजावलं होतं, आणि खरं सांगते, मीही घाबरले होते. मी म्हणाले, "चाचा, आज नाही जमणार. मुलीची परीक्षा आहे."

शेजारी बसलेली मुलगी मोठ्याने म्हणाली, "आई, बट माय एक्झाम्स आर ओव्हर!"

त्यांनी ते ऐकलं की नाही, मला आजतागायत माहीत नाही. ते एवढंच म्हणाले, "बरं. परीक्षेला पोरीला दुवा सांग." तिकीट दुसऱ्या दिवसाचं करून ते स्वतः खलिफा सिटीला गेले. त्याच संध्याकाळी तक्रार दाखल झाली.

शुक्रवारी दुपारी विमानतळावरून पुन्हा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता.

"सगळ्यांचे पोचले, बाय. माझा तेवढा काउंटरवर ठेवून घेतलाय. दोघं येऊन उभे हायत बाजूला."

मी फोन तसाच कानाला धरून खोलीचं दार लावून घेतलं.

"तुझा तुझ्याजवळ हाय ना?"

"हो, चाचा."

"मग जा. थांबू नको इथं."

आम्ही त्याच आठवड्यात मुंबईला आलो. चाचा चौदा महिन्यांनी सुटले. त्यांच्या मुलाने विमानाची वेळ मुद्दाम फोन करून कळवली होती. विमानतळ माझ्या घरापासून वीस मिनिटांवर, आणि मी गेले नाही.