आपा कोणाच्या बाजूच्या

दिवस गेल्याची बातमी सांगताना आपांनी कधी कोणाचं अभिनंदन केलं नाही. तपासून झालं की हात धुता धुता त्या विचारायच्या, "व्हय, दिवस गेलेत. तुला कसं वाटतंय?" बाया गोंधळायच्या. हे आपल्याला कोणी विचारेल, असं त्यांच्या मनातही आलेलं नसायचं. कोणी लाजायची, कोणी नवऱ्याला आत बोलवा म्हणायची, आणि एखादी खाली मान घालून गप्प बसायची. मग आपा स्टूल ओढून तिच्यासमोर बसायच्या आणि बाहेरची रांग थांबायची.

घोडेगावात जनावरांच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा लहानसा दवाखाना होता. वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहायचे आणि कॉलेजात मराठी शिकवायचे. आपा डॉक्टर, नगरच्या एका मुसलमान व्यापाऱ्याची मुलगी. लग्न होऊन इथं आल्या, नवरा लवकर गेला, मुलगा शिकून केडगावात स्थायिक झाला, तरी त्यांनी गाव सोडलं नाही. पाटलांच्या सुनांपासून मशिदीमागच्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळे त्यांना आपाच म्हणत.

बाईबरोबर आलेल्या सगळ्यांना त्या बाहेर काढायच्या. सासू असो, नवरा असो, माहेरचा भाऊ असो. एकदा एका सासूबाई अडून बसल्या, आमच्यापासनं काय लपवायचं म्हणाल्या. आपांनी त्यांना चहा सांगितला, स्वतः हात धरून बाकावर नेऊन बसवलं आणि दार लावून घेतलं. त्या दाराआड काय बोलणं झालं, ते मला कधी कळलं नाही. कोणालाच कळलं नाही.

कायद्यात बसेल तिथं त्या गर्भपात करायच्या आणि ते लपवतही नसत. मात्र पोटात मुलगी आहे म्हणून मोकळं करा, असं सांगत कोणी आलं की त्याला दारात उभं करत नसत. एका सधन बागाईतदारानं बायकोला आणलं होतं. आधीच्या मुली होत्या. कुठून तरी चोरून तपासणी करून आला होता. आपांनी नकार दिला तेव्हा तो भर रस्त्यात म्हणाला की, बिनलग्नाच्या पोरींचं चालतं आणि आमच्या घरच्यांचं चालत नाही. दुसऱ्या बाजूला गावातले नाना. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी भ्रूणहत्येविरुद्ध फेऱ्या सुरू केल्या होत्या. नाना वाईट माणूस नव्हते. वर्गातल्या मुली दरवर्षी कमी होताना त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या आणि त्या रागातून ते उठले होते. पण पुढे पुढे त्यांना सगळे गर्भपात सारखेच दिसू लागले, आणि त्यांची फेरी आपांच्या दारासमोर थांबून घोषणा देऊ लागली.

"आपलं ढोलकीसारखं हाय, बाई," आपा मला म्हणायच्या. "थाप दोन्हीकडनं."

कॉलेजात आम्ही या विषयावर परिसंवाद ठेवला. एका बाजूला पुण्याहून आलेल्या वकीलबाई, दुसऱ्या बाजूला नाना. शरीर कोणाचं, जीव कधीपासून, धर्म काय सांगतो, असं बराच वेळ चाललं. दोघांनाही टाळ्या पडल्या. शेवटी आपांना विचारलं की, तुम्ही कोणाच्या बाजूच्या? त्या उठल्या, माईक हातात घेतला आणि म्हणाल्या, "माझ्याकडं येणारी बाई भांडायला येत न्हाई. ती दमून येते. तिच्या बाजूला कोणीतरी बसावं लागतं, म्हणून मी बसते." टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत. घरी येताना त्या एवढंच म्हणाल्या की, गुडघे फार दुखतायत.

त्यानंतर काही महिन्यांनी नानांची लेक दवाखान्यात आली. हे मला तिनंच नंतर सांगितलं. ती माझी विद्यार्थिनी. लिहिलंत तर नाव घालू नका, एवढंच तिचं म्हणणं. हवंहवंसं मूल होतं. सोनोग्राफीत दिसलं की बाळाच्या डोक्याची कवटीच तयार झालेली नाही, जन्मलं तरी ते जगणार नाही. नाना तिला घेऊन आले आणि दाराशी उभेच राहिले. आपांनी त्यांना एक शब्द ऐकवला नाही. लेकीला आत घेतलं आणि नानांना त्याच बाकावर बसवून चहा सांगितला. सगळं आटोपेपर्यंत त्या तिच्या उशाशी होत्या. घरी जाताना नाना कसेबसे म्हणाले, "आपा, हे गावात..." आपा म्हणाल्या, "इथनं कोणाचंच बाहेर जात न्हाई, नाना."

पुढच्या फेरीत नाना पुन्हा सर्वांच्या पुढे होते. मी संतापले. तुम्ही बोलत का नाही, असं मी आपांना विचारलं. पाय चोळत त्या म्हणाल्या, "मी एकीचं बोलले, तर उद्या दुसरी यायची न्हाई. आणि नानांचं म्हणाल, तर त्या पोरीचं दुःख त्यांनाबी सोसायचंय. घोषणा देऊन सोसत असतील."

मग निनावी तक्रारी झाल्या. तपासणीला सरकारी माणसं आली, तासन् तास बसली, काही सापडलं नाही, पुन्हा आली. झंझट नको म्हणून औषध दुकानांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणं बंद केलं. कायद्यानं परवानगी असलेली गोष्ट करायला आपांना रोज कोणाची तरी मनधरणी करावी लागे. एका सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं आणि मुलाकडे जाते म्हणाल्या. भांडून हरले असते तर बरं वाटलं असतं, म्हणाल्या. इथं नुसतं दमायला झालं.

गावानं निरोपाचा कार्यक्रम केला नाही. सामान न्यायला टेम्पो आला, तेव्हा मात्र बाया येऊ लागल्या. एकमेकींपासून अंतर ठेवून उभ्या राहिल्या. कोणाच्या हातात बाजरीचं पीठ, कोणाच्या शेंगदाणे. इकडं कशी आलीस, असं एकीनं दुसरीला विचारलं, तर ती म्हणाली, बाजाराला आल्ते. त्या दिवशी बाजार नव्हता. विचारणारीनं मान हलवली.

नाना लेकीला घेऊन आले. ते थेट टेम्पोवर चढले, खाटा नीट लावल्या, दोर आवळून बांधला. त्या लेकीनं आपांच्या गळ्यात हात टाकले आणि ती सगळ्यांदेखत रडली. बाकीच्या बायांनी पदर डोळ्यांना लावले, पण जवळ कोणी आली नाही. आपा ड्रायव्हरशेजारी बसल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. डोळे मिटून सीटला मान टेकली होती.

टेम्पो हमरस्त्याला लागला. बाया पांगल्या. एक तरुण बाई तेवढी राहिली होती, कडेवर पोर, चेहरा ओढलेला. तिनं बंद दाराकडे पाहिलं आणि हळूच मला विचारलं, "बाई, आता कुठं जायाचं?"

नाना शेजारीच हातावरचे दोराचे वळ चोळत उभे होते. त्यांनीही ते ऐकलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते त्या बंद दाराकडे पाहत होते.