दिसत नसलेलं दुखणं

वह्या-पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडर बाईंच्या आजाराची पंचाईत ही, की तो दिसत नसे. सांधे ठणकत, अंगातलं बळ ओसरून जाई, चेहरा मात्र टवटवीत. थोरली जाऊ शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "काम निघालं की हिचं दुखणं निघतं." नवरा मध्ये पडत नसे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

म्हणून फोनवरच्या एका गटात शिरल्यावर त्यांना हायसं वाटलं. सगळे याच दुखण्याचे. गट चालवायच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्याही आजारी, पण नाकानं कांदे सोलण्यात पटाईत. सगळे त्यांना मॅडम म्हणत.

एका सकाळी बाईंना न्हाणीघरातून उठताच येईना. तासभर ओल्या फरशीवर बसून मनात आलं, हे एकदाचं संपलं तर बरं. ते त्यांनी गटात लिहिलं. मॅडमचं उत्तर लगेच आलं: "नकारात्मक मजकूर टाकू नये. नियम वाचावेत." त्याखाली अकरा जणांचे अंगठे. बाईंनी मजकूर पुसून टाकला.

पुढच्या महिन्यात चार दिवस बरे गेले. रखडलेली साठ हजेरीपुस्तकं त्यांनी शिवली, पुठ्ठे चिकटवले, प्रेसमध्ये दाबली. त्या थप्पीशेजारी, हाताला खळ तशीच, हसत उभं राहून काढलेला फोटो गटात टाकला.

"एवढं काम करणारी बाई आजारी कशी?" मॅडमनी विचारलं. "ढोंगी लोकांनी इथे जागा अडवू नये."

मग एकेकाला कंठ फुटला. कुणी रिपोर्ट मागितला, कुणी म्हणालं, मला शंका होतीच. हुबेहूब जावेची भाषा, आणि तीही सुजलेल्या बोटांनी लिहिलेली!

बाईंचं टाळकं फिरलं. "रडले तर नकारात्मक, हसले तर ढोंगी! मी मरणाचं बोलले, तेव्हा 'उठलात का?' एवढं तरी कुणी विचारलंत?"

पुढचं लिहीपर्यंत त्यांना काढून टाकलं होतं.

संध्याकाळी गटातल्या एका वायरमनचा फोन आला. आजवर तो तिथे चकार शब्द बोलला नव्हता. "ताई, तुमचं बरोबर होतं."

"मग तिथे का नाही बोललात?"

"मलाही काढलं असतं."

"भित्रे आहात!" बाईंनी फोन ठेवला.

रागाच्या त्या भरातच त्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेल्या आणि सांध्यांच्या आधी न्हाणीघरातली सकाळ सांगितली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवून सगळं ऐकलं, असं कितीदा वाटतं ते विचारलं आणि मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. नवरा बाजूला बसून ऐकत होता.

जाऊ म्हणालीच, "आता वेडाच्याही गोळ्या!"

"हो. तुम्हाला आणू का?" बाईंनी विचारलं.

उपचारांनी मरणाचा विचार येणाऱ्या सकाळी कमी झाल्या, सांधे होते तसेच राहिले. वायरमन दर आठवड्याला फोन करतो. बाई उचलतात, पण आधी विचारतात, "सोडलात का गट?"

"नाही अजून," तो म्हणतो.