नाडीचं निमित्त

आमच्या शेजारणीच्या वडिलांइतका दुसऱ्याच्या श्वासात नाक खुपसणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही. कऱ्हाडच्या शाळेत आयुष्यभर शास्त्र शिकवून निवृत्त झालेले हे मास्तर दोन हजार चार साली लेकीकडे आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या ल्यूकनला आले आणि पहिल्याच भेटीत त्यांनी माझं मनगट धरलं. मिनिटभरानं म्हणाले, "सोळा. झ्याक हाय." नाडी सोळा म्हणजे मी जिवंत कशी, या विचारानं मी गारच पडले. मग त्यांनी खुलासा केला. "नाडीचं नुसतं निमित्त गं. श्वास मोजतोय म्हटलं, की माणूस लगेच शहाण्यागत श्वास घ्यायला लागतो. खरा आकडा पाहिजे तर मनगट धरायचं आणि खांद्याकडं बघायचं."

पुढे त्यांनी आमच्या वसाहतीतलं एक मनगट सोडलं नाही. पोस्टमन झाला, बसचा ड्रायव्हर झाला. कोपऱ्यावरच्या आयरिश म्हातारीला वाटलं, हा भारतीय आशीर्वादाचा प्रकार असावा. ती दर रविवारी घरी भाजलेले स्कोन घेऊन मनगट पुढे करायची. सात वर्षांची नात एकदा रुसून म्हणाली, "आजोबा, आय वोंट ब्रीद. एव्हर." मास्तर खूश झाले. "धर की. मानंच्या वर, मेंदूच्या बुडाशी एक हेडमास्तर बसलाय. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की तो छडी उगारतो. त्याच्यापुढं तुझं काय चालतंय?" पोरगी लालबुंद झाली आणि शेवटी भसकन श्वास घेतला. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. आपण हवेच्या हव्यासानं श्वास घेत नाही, आतलं साचलेलं टाकायची घाई असते म्हणून घेतो, हे त्यांचं आवडतं वाक्य.

दुसऱ्या हिवाळ्यात जिना चढताना ते मधेच थांबून भिंतीवरचे फोटो बघायला लागले. फोटो तेच होते. छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं कडक होत चालली आहेत, विमानातली विरळ हवा सोसेलच असं नाही. मास्तरांना मात्र कऱ्हाडला जायचं होतं. जे व्हायचं ते आपल्या घरी होऊ दे, एवढंच त्यांचं म्हणणं. तिकीट पंधरा दिवसांवर आलं होतं.

मला बोलावून म्हणाले, "माझा मला मोजता येत नाही. लक्ष दिलं की बिघडतो. लेक रडती, तिला जमायचं नाही. तू मोज, मला कळू न देता. वीसच्या आत असला तर जातो."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते टीव्हीवर हर्लिंगचा सामना बघत होते. मी चहा देऊन शेजारी बसले आणि त्यांच्या स्वेटरचा खांदा मोजला. बत्तीस. पुन्हा मोजला. बत्तीसच.

सामना संपल्यावर त्यांनी विचारलं, "किती?"

"अठरा," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघून हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "सांगायच्या आधी श्वास धरलास पोरी," ते म्हणाले. "लेकीला सांग, तिकीट रद्द कर."

पाच आठवड्यांनी ते ल्यूकनमध्येच गेले. कऱ्हाडला त्यांच्या अस्थी गेल्या. कोपऱ्यावरची म्हातारी त्या रविवारीही स्कोन घेऊन आली आणि थोडा वेळ स्वतःचंच मनगट धरून बसली.

आता कोणी कशी आहेस म्हणून विचारलं, की मी आधी श्वास पूर्ण सोडते आणि मग इथल्या लोकांसारखं "ग्रँड", म्हणजे मजेत, म्हणते. सगळ्यांना ते खरं वाटतं.