परसो अजून सापडलेला नाही

मालतीताईंच्या कादंबरीविषयी मी पूर्वी एका मासिकात लिहिलं होतं. त्यात एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबातला धाकटा मुलगा, परसो, कराचीच्या धक्क्यावर हरवला असं मी लिहिलं. तो तिथे हरवला नाही. तो आपल्या जिल्ह्यात, काष्टी स्टेशनवर हरवला. निर्वासितांना छावणीकडे नेणारी गाडी थांबली, तो पाणी प्यायला उतरला आणि गाडी सुटली. मला लिहायला-वाचायला आईने घरीच शिकवलं, शाळा नंतर आली. चूक तशीच ठेवून पान उलटायचं नाही, हा आईचा नियम. इथे तर त्या चुकीने परसोला समुद्रापलीकडेच ठेवलं होतं.

ताईंची पहिली भेट मी कॉलेजात असताना भिंगारला झाली, परसोच्या बहिणीच्या घरच्या शिलाईच्या दुकानात. बहिणीला कादंबरीत ‘गोपी’ म्हटलंय, मीही तेच नाव वापरते. दुकानात जवानांच्या वर्दीवर नावाच्या पट्ट्या शिवून मिळतात. मी मैत्रिणीच्या भावाची वर्दी आणायला गेले, तर मशीन बंद होतं आणि ताई नुकतंच लिहिलेलं प्रकरण मोठ्याने वाचून दाखवत होत्या.

“ए टीचर,” गोपीमावशी म्हणाल्या, “इतकी रडले नव्हते मी. भूक लागली होती. रडायला टाइम कुठे होता?”

ताईंनी तो परिच्छेद तिथल्या तिथे खोडला. एवढ्या नावाजलेल्या लेखिका, निवृत्त मुख्याध्यापिका, पण मावशींपुढे प्रकरण वाचल्याशिवाय ते पक्कं करत नसत. पुढे त्याच प्रकरणांच्या स्वच्छ प्रती करायचं काम त्यांनी मला दिलं आणि माझ्या कॉलेजच्या वेळा सांभाळून ते करवून घेतलं.

मावशींची एकच अट होती. “माझं नाव बदल. परसोचं राहू दे. कोणी वाचलं तर?”

म्हणून कादंबरीत परसोचं नाव खरं आहे, स्टेशन खरं आहे, आणि शेवटी तो सापडत नाही. पुस्तक छापून झाल्यावर लेखक मोकळे होतात. ताई झाल्या नाहीत. कित्येक शनिवारी त्या काष्टीच्या बाजाराला जात. बैलबाजाराच्या कडेला म्हातारी माणसं बसतात, त्यांना स्टेशनचं पान वाचून दाखवत आणि विचारत, असा कोणी सिंधी मुलगा इथल्या घरात वाढला का? एकदा मी सोबत होते. एक आजोबा लांबूनच ओरडले, “आल्या का ताई? अजून न्हाई व्हय गावला तुमचा पोरगा? आता पोरगा कसला, माज्यासारखाच बोळका झाला आसंल!” ताई सगळ्यांत मोठ्याने हसल्या आणि त्यांच्याच शेजारी पोत्यावर बसून वाचू लागल्या.

गेल्या वर्षी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे ताईंचं काष्टीला जाणं थांबलं. त्या दवाखान्यात असताना हा गौरवग्रंथ काढणाऱ्या आपल्या समितीने, त्यांना न विचारता, कादंबरीची शाळांसाठी संक्षिप्त आवृत्ती छापून घेतली. शेवटच्या पानावर परसो सापडतो. स्टेशनवर बहिणीच्या गळ्यात पडतो. टाळ्या वाजवायला सोयीचं!

मी जाब विचारला तेव्हा समितीतले एक ज्येष्ठ म्हणाले, “अगं, ताईंची पंच्याहत्तरी आहे. लोकांना रडवत घरी पाठवायचं का? आणि पोरांनी तरी काय घ्यायचं यातून?”

मी सहसा वाद घालत नाही. घातला तर रात्रभर झोप लागत नाही. पण याचा मला संताप आहे आणि तो इथेच लिहिते. काष्टीतल्या एखाद्या घरात परसोची नात हे पुस्तक वाचेल. आपल्या आजोबांसारखीच गोष्ट आहे, असं तिच्या मनात येईल. मग शेवटचं पान वाचून ती पुस्तक मिटेल, कारण यातला मुलगा तर सापडला. तुम्ही शेवट गोड केला नाहीत. एका म्हातारीच्या तोंडावर दार लावलंत.

ताईंनी ती आवृत्ती हातात घेतली नाही. एवढंच म्हणाल्या, “पुस्तक माझं आहे. परसो माझा नाही, गोपीचा आहे. मी त्याला कसा सापडवू?” हाच त्यांचा मोठेपणा, आणि माझ्या मते मूळ शेवट तसाच ठेवणं, यापेक्षा वेगळा सत्कार त्यांना नको आहे. संपादकांना विनंती, हा लेख कापायचा असेल तर अख्खा कापा. शेवट बदलू नका.

मालतीताईंचे गुडघे बरे होवोत, आवाज असाच खणखणीत राहो. त्यांना आणि गोपीमावशींना भरपूर आयुष्य मिळो, कारण परसो आला तर एकीने त्याला ओळखायचंय आणि दुसरीने खरं शेवटचं प्रकरण लिहायचंय.

हा ग्रंथ समारंभात तुमच्या हाती पडेल तो शनिवार असेल. माझी खुर्ची रिकामी दिसेल. मी त्या शनिवारी काष्टीच्या बाजारात असेन, मूळ कादंबरी घेऊन.