मी ढोल थांबवला नाही

फिलोमिना टीचर. माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, तर यांचे. राहायला पाचूबंदरला, आमच्या शाळेत खेळ शिकवायच्या. मला, कामणच्या गोदामात हमाली करणाऱ्याच्या मुलाला, त्यांनी शर्यतीच्या लांब ड्रॅगन बोटीवर बसवलं. त्या बोटीमुळे खेळाडूंच्या कोट्यातून कॉलेजात जागा मिळाली, घरातला पहिला पदवीधर झालो. आता जे सांगतोय ते गेल्या रविवारपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं — बायकोलाही नाही.

बोट कशी चालते ते आधी सांगावं लागेल. वल्हवणारे जोडीजोडीने, एकामागे एक. ‘पॅडल्स अप’ म्हटलं की वल्ही हवेत. ‘गो’ म्हटलं की सगळ्यांची पाती एकदम पाण्यात — कमरेतून पुढे झुकायचं, पातं पूर्ण बुडवायचं, सगळ्या अंगाने ओढायचं, नुसत्या हातांनी नाही. आणि ‘होल्ड’ म्हटलं की पाती पाण्यात उभी रोवून बोट जागीच रोखायची. मी पुढच्या टोकाला, वल्ह्यांना ताल देणारा ढोल घेऊन, वल्हवणाऱ्यांकडे तोंड करून. म्हणजे समोरचं पाणी माझ्या पाठीशी. टीचर मागे सुकाणूवर उभ्या.

"ए ढोल्या, पानी तुला दिसत नाय, मला दिसते," त्या म्हणायच्या. "मी ओरडली का ढोल बंद, नि माझा शब्द पुढं धाड. डोकं नको चालवू, तेवढं नाय तुला." सगळे हसायचे. मीही.

त्या संध्याकाळी नायगावच्या खाडीला ओहोटी लागली होती. पाणी गढूळ, भलतंच शांत. दुसऱ्या शाळेच्या बोटीशी सरावाची शर्यत, आम्ही अर्धी बोट पुढे. काठावर जिल्ह्याचा संघ निवडणारे उभे. टीचर ओरडल्या, "होल्ड!" मी ऐकलं का? — ऐकलं. त्यांचा चेहराही पाहिला. आणि ढोल वाजवत राहिलो.

मागच्यांनी पाती रोवली. पुढचे माझ्या ढोलावर ओढत राहिले. बोट आडवी फिरली आणि मच्छीमारांनी जाळ्यांसाठी रोवलेल्या खुंटांवर आदळली. पहिल्या बाकावरच्या सायलीचा हात मध्ये सापडला. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती हाताकडे बघत राहिली. तिची दोन बोटं आजही वळत नाहीत.

पण एवढंच असतं तर — तर बहुतेक कधीच सांगून टाकलं असतं.

मुख्याध्यापकांनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. मागचे म्हणाले, टीचर ओरडल्या होत्या. पण कधी? त्या गोंधळात कुणालाच नक्की सांगता येईना. सगळे माझ्याकडे वळले. टीचरही. मी म्हणालो, "उशिरा. आदळायच्या जेमतेम आधी."

टीचरनी गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. त्यांना बोटीवरून काढलं. सायलीची आई पुढे कित्येक वर्षं त्यांना बघून रस्ता बदलायची. आणि कॉलेजसाठी माझी शिफारस कुणी लिहिली? — त्यांनीच. ती मी दोन्ही हातांनी घेतली.

रविवारी मी हे पत्र पाठवलं:

"टीचर, तुम्ही वेळेत ‘होल्ड’ म्हणालात. मी ऐकलं होतं. ढोल थांबवला नाही, आणि ऑफिसात खोटं बोललो. शाळेला तसं लिहून दिलं आहे. आज सकाळी सायलीच्या घरी जाऊन सांगितलं. तिच्या आईने सगळं ऐकून घेतलं, तुम्ही अजून पाचूबंदरलाच राहता का एवढं विचारलं, आणि दार लावून घेतलं.

नीलेश"