भामरे सरांची पाचवी

रविवार, २३ नोव्हेंबर. सातपूर, कंपनीचा पत्र्याचा हॉल, सकाळचा सराव. हजर: प्राची (कप्तान), रुखसाना, गायत्री, स्नेहल, नवी आलेली वैष्णवी आणि मी, संघाची व्यवस्थापक. गैरहजर: प्रशिक्षक भामरे सर. सर दिवाळीच्या आधी वारले, तेव्हा खरं म्हणजे त्यांचं नाव या यादीत यायला नको. पण हात सवयीने लिहून गेला आणि खोडायला कोणी तयार होईना, म्हणून राहू दिलं.

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते याच हॉलमध्ये. बाहेर गाडी लावतानाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. बास्केटबॉलचा सराव म्हटल्यावर चेंडू आपटल्याचा आवाज यायला हवा. इथे येत होता तो फक्त बुटांचा, जमिनीवर घासल्याचा. एकदम सुरू होणारा आणि एकदम थांबणारा. आत चार मुली गुडघे वाकवून, हात पसरून एकाच वेळी डावीकडे सरकत होत्या, मग उजवीकडे. त्यांच्यासमोर कोणीही नव्हतं. सर खुर्चीवर डोळे मिटून बसले होते.

"प्राची, टाच टेकली," ते डोळे न उघडता म्हणाले.

मी नवीनच रुजू झाले होते, कामाची आहे हे दाखवायचं होतं. "सर, बॉल आणायचे राहिलेत का? मागवू?"

"बॉल राहू द्या कपाटात, मॅडम. बॉल दिसला की पोरींना बास्केट दिसते. आधी माणूस दिसू दे."

"पण माणूस कुठे आहे?"

"तेच तर शिकवतोय," सर म्हणाले.

सर सटाण्याकडचे. उंच, वाळलेले, मानेवर सदैव पांढरा रुमाल. एरवी आमच्यासारखं बोलायचे, पण चिडले की अहिराणीवर यायचे. त्यांचं सगळं शास्त्र बचावाचं. व्यावसायिक लीगमध्ये आमच्यापेक्षा उंच, तरबेज आणि महागड्या खेळाडू असलेले संघ होते. त्यांच्याशी नेमबाजीत बरोबरी करायची नाही, हे सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "शॉट मारणारीचा हात एखाद्या दिवशी रुसतो. बचाव करणारीचे पाय रुसत नाहीत. जो संघ रुसण्यावर चालतो तो दोन सामने जिंकतो. जो पायांवर चालतो तो लीगमध्ये राहतो." रुखसाना मालेगावची, तोंडाने तिखट. ती म्हणायची, "सर, टाळ्या मात्र हातालाच मिळतात." त्यावर सर म्हणायचे, "टाळ्या घेऊन घरी जा. पुढच्या वर्षी टीव्हीवर बघ सामने."

चेंडूकडे बघितलेलं त्यांना अजिबात खपायचं नाही. "पोटाकडे बघ तिच्या. हात खोटं बोलतो, डोळा खोटं बोलतो. पोट जिकडे वळलं, तिकडेच बाई जाणार." आणि मग ते नेहमीचं वाक्य: "बॉल त्यास्ना हातमा शे. वाट आपला पायमा शे." म्हणजे चेंडू त्यांच्या हातात असला तरी वाट आपल्या पायात आहे.

आता 'ताई'बद्दल. संघ नवा होता तेव्हा आमच्या मुली कंपनीच्या पॅकिंग विभागात पाळीने कामाला होत्या. सरावाला कोणी ना कोणी पाळीत अडकलेली असायचीच. पाच कधी जमायच्याच नाहीत. सरांनी तक्रार केली नाही. त्यांनी बास्केटखालची मधली जागा रिकामी ठेवली आणि चौघींना तिच्याभोवती उभं केलं. "पाचवी येईल. तोवर ती इथेच आहे असं धरा. तिच्या अंगावर पडू नका, तिची जागा खाऊ नका, तिला हाक द्या." हाक द्यायची तर नाव हवं, म्हणून प्राचीने गमतीत 'ताई' म्हटलं. पुढे मुलींना पगारी करार मिळाले, पाळ्या सुटल्या, पाचव्या-सहाव्या आल्या, तरी तो सराव सुटला नाही. आठवड्यातला एक दिवस चौघींचा आणि ताईचा. "ताई, डावीकडे." "ताई, मागे बघ." पत्र्याखाली ते आवाज फिरत राहायचे.

मी अशा गोष्टींना भिणारी नाही. पत्रा तापला की वाजतो, निवला की वाजतो, त्यात बुटांच्या आवाजाचे दोन आवाज होतात. तरी काही गोष्टी सांगायला हव्यात. चहावाला मंगेश जाळीतून डोकावून माणसं मोजायचा आणि मग कप भरायचा. चौघींच्या दिवशी तो नेहमी खेळणाऱ्या पाच धरायचा. मी एकदा रागावले तेव्हा म्हणाला, "मॅडम, मधलीला नको का मग?" मुली हसल्या. सर हसले नाहीत. डोळे मिटून ऐकत असताना ते एकेकीची चूक सांगायचे, तशी मधूनच म्हणायचे, "पाचवी उशिरा पोचली." सुरुवातीला मला वाटलं, हीही त्यांची शिकवायची पद्धत. नंतर लक्षात आलं, असं ते रोज म्हणत नाहीत. क्वचित म्हणतात, आणि म्हटल्यावर मधल्या जागेकडे मान वळवतात.

गेल्या मोसमातला शेवटचा सामना दुपारचा होता. हरलो तर लीगमधून बाहेर, आणि लीगमधून बाहेर म्हणजे संघ बंद, हे कंपनीने लेखी कळवलं होतं. खर्चकपातीत आमच्या सातच मुली उरल्या होत्या. एक तापाने घरी. दुसरीचा घोटा पहिल्या सत्रात मुरगळला. शेवटची काही मिनिटं उरली असताना तिसरी पाच फाऊल होऊन बाहेर गेली. कोर्टावर आमच्या चार, त्यांच्या पाच, आणि आम्ही एका गुणाने पुढे. मी सरांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते.

प्राची ओरडली, "ताई, मधे."

पुढे जे झालं ते पाचशे लोकांनी बघितलं, मी एकटीने नाही. त्यांची सगळ्यात वेगवान खेळाडू चेंडू घेऊन आत शिरली. समोर बास्केटपर्यंत मोकळी वाट होती. ती दोन पावलं आली, थबकली आणि चेंडू मागे फेकला. पुन्हा आली. पुन्हा थबकली, अंग चोरून, दारात कोणी उभं असल्यावर आपण थबकतो तशी. शॉट न मारताच चोवीस सेकंदांची मुदत संपल्याचा भोंगा वाजला, चेंडू आमचा झाला. आम्ही त्या एका गुणानेच जिंकलो.

हात मिळवायला आली तेव्हा ती मुलगी घामाने निथळत होती. म्हणाली, "तुम्ही लोक भारी बोलता कोर्टवर. फक्त ती मधली उंच गप्प होती. ती कुठे गेली?"

रुखसाना म्हणाली, "कोण मधली? आम्ही चौघीच होतो."

मुलगी हसली, मग आमच्याकडे नीट बघितलं आणि हसायची थांबली. मी मागे वळून सरांना बोलवायला गेले. सर रिकाम्या कोर्टावर उभे होते आणि रुमालाने तोंड पुसत हळू आवाजात काहीतरी बोलत होते. मी जवळ गेल्यावर गप्प झाले.

गणपतीनंतर सरांना दवाखान्यात ठेवलं. किडनी. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी तब्येतीचं काही बोलू दिलं नाही. "चांदवडची नवी पोरगी कशी आहे?"

"वैष्णवी खेळाला चांगली आहे, सर. पण मधल्या जागेवर टिकत नाही. तिथे जाते आणि बाजूला होते. म्हणते, धक्का लागेल."

"कोणाला?"

"ते सांगत नाही."

"ही चूक मनी शे, मॅडम. माझीच. माणूस नव्हतं म्हणून जागा शिकवली. माणूस आलं की जागा त्याला द्यायची असते, ते शिकवायचं राहून गेलं. त्या पोरीचा करार अजून पक्का नाही ना?"

"पहिल्या सामन्यात टिकली तर होईल. नाहीतर घरचे लग्न लावून देणार म्हणते."

"मग पोरींना सांगा. ताई नाही. कधीच नव्हती. मी सांगितलं म्हणून सांगा." मी उठले तेव्हा त्यांनी मनगट धरलं. हात थंड होता. "एकेकीला कोर्टाबाहेर बोलावून सांगा. त्या मधलीसमोर नको."

त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

आज ते काम करायचं ठरवूनच हॉलवर गेले. सरावासाठी समोर कॉलेजची मुलं बोलावली होती, दांडगी, धडका देणारी. मोसमानंतर तिघी सोडून गेल्यावर उरलेल्या आमच्या पाचही जणी बचावाला. मी दाराशी उभी राहिले. वैष्णवी आज पहिल्यांदा अडखळली नाही. चौघींच्या लयीत लय मिळवून सरकत होती, टाच कुठे टेकत नव्हती. मला इतकं बरं वाटलं की मी मोजायचं विसरले. मग मोजलं. पाच जणी सरकत होत्या आणि तरी बास्केटखाली, मधोमध, एकीची जागा मोकळी होती. वैष्णवी मान न वळवता म्हणाली, "ताई, उजवीकडे." कॉलेजचा सगळ्यात आडदांड मुलगा चेंडू घेऊन आत घुसला, त्या जागेपाशी थबकला आणि चेंडू मागे फेकला.

मी वैष्णवीला दाराबाहेर बोलावलं. ती आली, बाहीने घाम पुसत, चेहरा खुललेला. "मॅडम, आज जमलं. आज कोणी ढकललं नाही."

"पाणी पी," मी म्हटलं.

ती पाणी पिऊन आत गेली. बूट वाटून झाले, बस ठरली, मुलींच्या तंदुरुस्तीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र आलं. सरांचा निरोप सांगायचा राहिला आहे. मोसमातला पहिला सामना शनिवारी आहे.